उजव्या हाताचा ब्रेक

३ ऑगस्ट २०२५, रविवार

ही वही प्रांजलने दिली. खांद्याचे व्यायाम रोज किती केले ते हिच्यात लिहायचं, अशी आज्ञा आहे. ती फिजिओथेरपिस्ट आहे, नवीन पनवेलला तिचं क्लिनिक आहे आणि हुकूम सोडायची तिला चांगलीच सवय आहे. आज रबरबँड ओढणे, वीस-वीस करून तीनदा. खांदा दुखला नाही. संपलं.

एवढ्यावर पान उलटायचं म्हणजे कागद वाया. तेव्हा थोडं आणखी. मी प्रितेश घरत, वय छत्तीस. सोमवार ते शनिवार कळंबोलीच्या लोखंड बाजारात आमच्या गाळ्यावर सळ्या आणि अँगल विकतो, रविवारी डोंगरावरून सायकल खाली आणतो. दुसरं काम मला जास्त चांगलं जमतं. अठ्ठावीस सप्टेंबरला इटलीत एंड्युरोची शर्यत आहे आणि पनवेलहून आम्ही तिघं चाललोय: मी, प्रांजल आणि माज. पहिल्या पन्नासात यायचं असं मी ठरवलंय. बाकी दोघांनी काहीच ठरवलेलं नाही. त्यांचं त्यांनी बघावं.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईला एंड्युरो समजावून सांगितलं. डोंगर चढायचा तो आपापल्या दमाने, ठरलेल्या वेळेच्या आत वर पोचलं की झालं. उताराच्या तोंडाशी घड्याळ सुरू होतं, खाली पोचलं की बंद. असे पाच उतार. पाचांची बेरीज ज्याची सगळ्यांत कमी, तो जिंकला.

"चढताना घड्याळ नाय, मंग उतरताना कसली घाई हाय?" आई म्हणाली. "खाली काय तुमची एस्टी सुटतेय?"

मी उठून व्यायाम केले.

१० ऑगस्ट, रविवार

तिघंही आपटा गावाच्या वरच्या उतारावर गेलो. वाट म्हणजे नुसता लाल राडा झालाय. प्रांजल पुढे, मग माज, मग मी. मी हल्ली मुद्दाम मागे राहतो, मागून दोघांच्या चुका दिसतात. पांगाऱ्याच्या वळणावर मी उतरलो आणि सायकल हातात धरून चालत खाली आणली. भीती वगैरे काही नाही. निसरडं होतं, आणि शर्यतीच्या तोंडावर हातपाय मोडून घेणं शहाणपणाचं नाही. ते दोघं सायकलवरूनच गेले, पण त्यांना माझ्याइतका अनुभव नाही.

त्या वळणाबद्दल एकदाच काय ते लिहून टाकतो. गेल्या डिसेंबरात, पंधरा तारखेला, मी तिथे पडलो आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. आदल्या संध्याकाळी माजने माझ्या सायकलचे दोन्ही ब्रेक उघडून, त्यांच्या पाइपातलं तेल बदलून, आतली हवा काढून दिले होते. माजचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी डोंगरावर गेलो तर प्रांजलची नवी सायकल आलेली, तिच्या भावाने जर्मनीहून आणलेली. तिच्यावर मी आधी तीन फेऱ्या मारल्या. तिचे ब्रेक उलटे. आपल्याकडे उजव्या हाताला पुढच्या चाकाचा ब्रेक असतो आणि डाव्या हाताला मागच्या, तिकडे बरोबर विरुद्ध. मला दहा मिनिटांत सवय झाली, माझा हात पटकन बसतो. मग माझी सायकल घेतली, आणि पहिल्याच फेरीत, पांगाऱ्याच्या वळणावर, मागचा ब्रेक दाबला तर पुढचं चाक जागच्या जागी अडकलं. मी हँडलवरून पलीकडे. आता, मागचा दाबल्यावर पुढचं अडकतं म्हणजे दुरुस्तीत काहीतरी मोठा घोळ झालेला असणार. सरळ गोष्ट आहे.

मी माजला एका शब्दाने बोललो नाही. फक्त पलंगावर पडल्या पडल्या, डाव्या हाताने, आमच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ग्रुपवर पनवेल-नवी मुंबईचे दोनशे सायकलवाले आहेत. "मित्रांनो, जपा. ब्रेकचं काम करून आणलं आणि दुसऱ्याच दिवशी चाक अडकलं. नाव घेत नाही. पनवेलमध्ये ब्रेक कोण करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे." साठ जणांनी उत्तरं दिली. कामोठ्याचे काशीरामकाका, वय साठ, आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, त्यांनी तर लगेच लिहिलं, "बरं झालं सांगितलंस, माझी सायकल उद्याच त्याच्याकडून काढून आणतो."

नाव घेतलं नाही. मैत्रीत एवढं पाळायलाच हवं.

२३ ऑगस्ट, शनिवार

संध्याकाळी माजच्या दुकानात. माज आणि मी पाचवीपासून एका बाकावरचे. त्याचे वडील अब्दुलचाचा वीस वर्षं कुवेतला होते, परत येऊन त्यांनी उरण नाक्याजवळ हे दुकान टाकलं आणि माजने ते नावारूपाला आणलं. पूर्वी शनिवारी इथे सायकलींची रांग लागायची, कारण रविवारी सगळे डोंगरात. रांग पार उसाच्या रसाच्या गाड्यापर्यंत जायची. माज कोणालाही मधे घुसू द्यायचा नाही, मलासुद्धा नाही. "ठेव तिकडे, नंबर आला की बघतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आज दुकानात दोन लहान मुलांच्या सायकली होत्या, पंक्चरच्या. शर्यतीआधी ही शांतता बरीच म्हणायची. माजला सरावाला वेळ मिळतो.

अब्दुलचाचा आत बसले होते. मी "सलाम, चाचा" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पेपर वर धरला. एरवी मला बघितलं की आतून नानकटाईचा डबा यायचा. वय झालं, आता लक्षात राहत नसेल.

माजने माझी सायकल घेतली. चाकं, गिअर, चेन, सगळं करणार म्हणाला. "ब्रेक सोडून. तुझ्या ब्रेकला मी हात लावत नाही, तुला माहितीये." ब्रेक मी जानेवारीपासून मुंबईच्या एका मोठ्या दुकानातून करून घेतो. माजने आपणहून बाजूला होणं मला आवडलं. चूक कळली की माणूस असा वागतो.

३१ ऑगस्ट, रविवार

डोंगरावर काशीरामकाका भेटले. मैलभर आधीच त्यांचा ब्रेक ऐकू येतो, डुकराला धरल्यासारखा ओरडतो. म्हणाले, मॉलमधल्या दुकानात तीनदा दाखवला, काही फरक नाही. "माजकडे असताना असं नव्हतं रे. पण तू म्हणालास म्हणून..." मी म्हटलं, ओरडू दे काका, अडकण्यापेक्षा बरा.

७ सप्टेंबर, रविवार

गणपतीचे शेवटचे दिवस वही उघडली नाही. व्यायाम: आरतीला टाळ वाजवले तेवढेच.

आज सराव. प्रांजलने माझा खांदा दाबून बघितला आणि मधेच विचारलं, "त्या दिवशी पडायच्या आधी तू माझी सायकल चालवली होतीस ना?"

"हो. मस्त आहे."

"किती फेऱ्या?"

"तीन. का?"

"काही नाही. मागेही एकदा विचारलं होतं, तू उत्तर दिलं नव्हतंस." मग तिने माझा हात इतका मागे ओढला की मी ओरडलो. तिला तिच्या सायकलचं फार कौतुक आहे, सारखा विषय काढते.

२० सप्टेंबर, शनिवार

बांधाबांध. तिन्ही सायकली खोलून खोक्यात भरायचं काम माजने एकट्याने केलं. मी शेजारी उभं राहून सूचना दिल्या. आईने माझ्या खोक्यात नारळ घातला, शर्यतीच्या सकाळी फोडायला, आणि माजच्या अम्मीने सुक्या जवळ्याची चटणी दिली. ती मी हातातल्या बॅगेत घेतली, कारण खोक्याचा काय भरवसा.

निघताना अब्दुलचाचा माजला म्हणाले, "इतक्या लांब जातोयस, मन साफ करून ये बेटा." मला वाटतं त्यांना हजयात्रेची सवय, शर्यतीलाही तोच आशीर्वाद देतात.

२२ सप्टेंबर, सोमवार

इटली. पोचलो. दोन सायकली आल्या, माझी नाही. विमान कंपनीची बाई गोड हसून म्हणाली, बुधवारपर्यंत येईल. चटणी मात्र आमच्याबरोबर आली. आधीच ठरवलं होतं म्हणून आली, याची दोघांनाही आठवण करून दिली.

समुद्राकाठचं छोटं गाव आहे, नाव लांबलचक, आम्ही नुसतं फोस्का म्हणतो. मागे डोंगर थेट उभा. ऑलिव्हची झाडं, दगडी बांध, आणि त्यांतून खाली सुटलेल्या वाटा. आपट्यासारखंच आहे, फक्त चिखल नाही आणि गुरं नाहीत. मी बघितल्या बघितल्या सांगितलं, पहिल्या पन्नासात नक्की.

२४ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस भाड्याच्या सायकलवर सराव केला. इथले ब्रेक उलटे, प्रांजलच्या सायकलसारखे. दुकानदाराने हातवारे करून विचारलं, बदलून देऊ का, अर्ध्या तासाचं काम आहे. मी म्हटलं नको. दहा मिनिटांत हात बसला. काल पाच उतार केले, आज सहा. उतार तीव्र झाला की उजवा हात दाबायचा, मागचं चाक धरतं, सायकल शहाण्यासारखी सावरते. आजच्या शेवटच्या फेरीत मी माजच्या मागे फक्त आठ सेकंद होतो. गेल्या डिसेंबरनंतर एवढा मोकळा मी पहिल्यांदाच चालवतोय. सायकल परकी असली की बरं असतं, तिच्याशी जुना हिशेब नसतो.

दुपारी उशिरा माझं खोकं आलं. नारळ शाबूत. माजने सायकल जोडून दिली, ब्रेकला हात न लावता.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज व्यायाम नाही. लिहिणं अवघड जातंय, पण नाही लिहिलं तर उद्या मी यातलं अर्धं गाळून टाकीन. मला मी ओळखतो.

सकाळी माझ्या सायकलवर पहिला सराव. दुसऱ्या उताराच्या मध्यावर एक डावं वळण आहे, खाली दगडी बांध. तिथे उतार एकदम पडतो. मी नेहमीसारखा मागचा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक अडकलं. तस्संच. तोच झटका, तेच हँडल छातीशी येणं, तेच आभाळ. या खेपेला खाली पानांचा ढीग होता म्हणून वाचलो. गुडघा सोलला, बाकी काही नाही.

पडल्या पडल्या पहिला विचार आला तो असा: मुंबईच्या दुकानवाल्यानेही घोळ केला. आता त्याच्याबद्दलही ग्रुपवर टाकायला हवं.

मग मी माझ्या हाताकडे बघितलं. सायकल माझ्यापासून हातभर लांब, चाक अजून फिरतंय, आणि माझा उजवा हात तसाच वळलेला होता, बोटं आवळलेली. डावा हात सैल. मी उजवा दाबला होता. दोन दिवस भाड्याच्या सायकलवर उजवा दाबत होतो, उजवा म्हणजे मागचा. माझ्या सायकलला उजवा म्हणजे पुढचा. मागचा दाबला असं मला वाटलं, हाताने दाबला पुढचा.

आणि पंधरा डिसेंबरला मी प्रांजलच्या सायकलवर तीन फेऱ्या मारून आलो होतो.

पानांत किती वेळ बसलो माहीत नाही. वरून दोन इटालियन पोरी ओरडत आल्या, "ओके? ओके?" मी अंगठा दाखवला. त्या गेल्यावर मला एकदम रडू आलं. दुखण्याचं नव्हतं. नऊ महिने मी माजला मोठ्या मनाने माफ करत होतो. दर शनिवारी त्याच्या रिकाम्या दुकानात बसून त्याचा चहा पीत होतो, आणि मनात म्हणत होतो, बघ, तरी मी येतो.

तो पेपर वर धरलेला. नानकटाईचा डबा. सगळं एका मागोमाग एक आठवलं.

दोघांना सांगितलं, पाय घसरला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज सांगितलं.

माज आम्ही उतरलोय त्या धर्मशाळेसारख्या घराच्या ओट्यावर बसून प्रांजलची चेन पुसत होता. मी समोर उभा राहिलो आणि तोंडाला येईल तसं बोलत गेलो. प्रांजलची सायकल, तीन फेऱ्या, उजवा हात, काल परत तेच. "ब्रेक बरोबर होते, माज. तुझं काम बरोबर होतं. मी चुकलो."

त्याने चेन पुसणं थांबवलं नाही. "माहितीये," म्हणाला.

"कधीपासून?"

"तू पडलास त्याच दिवशी तुझी सायकल मी दुकानात नेली. तीन वेळा ब्रेक उघडले. अब्बा पण बसले होते बाजूला. काही नव्हतं, एकदम साफ. आणि हॉस्पिटलमध्ये तू बोललास, मागचा दाबला नि पुढचं अडकलं. यार, दोन्ही ब्रेकचे पाइप वेगळे असतात. मागचा दाबून पुढचं चाक अडकणार कसं? मला तिथेच समजलं."

"मग बोलला का नाहीस?"

आता त्याने माझ्याकडे बघितलं. "तू विचारलंस कुठे?"

मी ओट्यावर त्याच्या शेजारी बसलो.

"खांदा मोडलेल्या माणसाशी काय वाद घालायचा? वाटलं, दोन-चार दिवसांत येशील, विचारशील, माज, काय झालं होतं रे? मी सांगितलं असतं. पण त्याआधी तुझा मेसेज आला. त्यानंतर मी बोललो असतो तर लोक बोलले असते, दुकान वाचवायला बोलतो. अब्बांनी तर त्या दिवसापासून ग्रुपचं नाव पण काढलं नाही."

"मग माझ्याबरोबर इथे कशाला आलास?"

"एन्ट्री भरलेली होती." फडकं झटकून म्हणाला, "आणि तुझी सायकल कोण बांधणार होतं? तू?"

यावर मला हसू आलं, त्याला आलं नाही. मी म्हटलं, माझे ब्रेक आता तू बघ, आत्ताच, शर्यतीआधी. त्याने मान हलवली.

"इथे नाही. इथे मला कोण ओळखतं? पनवेलला आण. दुकानात. सगळ्यांसमोर."

प्रांजल दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली, लाल नेलपॉलिश घेऊन आली आणि माझ्या उजव्या ब्रेकचा दांडा रंगवून टाकला. "लाल म्हणजे पुढचा. लाल जपून. दोनदा विचारलं होतं मी तुला, आठवतंय?"

आठवतंय. या वहीतच लिहिलेलं आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

ग्रुपसाठी मेसेज. पहिला खर्डा दीड पानाचा झाला. त्यात परदेशी सायकलींचे ब्रेक, भारतातली पद्धत, मेंदूची सवय, सगळं शास्त्रीय होतं. वाचल्यावर वाटलं, या माणसाची काहीच चूक दिसत नाही. खोडला. दुसऱ्यात "आम्हा दोघांत थोडा गैरसमज झाला" असं होतं. गैरसमज एकट्या माझाच होता. खोडला. तिसऱ्यात मी इतका वाईट माणूस झालो होतो की लोकांनी माझंच सांत्वन केलं असतं. तोही गेला. शेवटी हा पाठवला:

"पंधरा डिसेंबरला मी पडलो ती चूक माझी होती. दुसऱ्याच्या सायकलवरून माझ्या सायकलवर आलो आणि चुकीचा ब्रेक दाबला. माजचं काम चोख होतं. मी न विचारता, न तपासता तुम्हाला मेसेज केला. येत्या शनिवारी, चार ऑक्टोबरला, संध्याकाळी पाच वाजता माझे ब्रेक माजकडे द्यायला जाणार आहे. माझं ऐकून ज्यांनी त्याचं दुकान सोडलं त्यांनी यावं. प्रितेश घरत."

या खेपेला नावं घेतली. दोन्ही.

संध्याकाळपर्यंत चार अंगठे आले. खाली लगेच कोणीतरी जुनी सीट विकायला काढली आणि तिच्यावर तीस जण तुटून पडले. डिसेंबरच्या मेसेजला साठ उत्तरं आली होती, याला चार अंगठे. मी माजला फोन दाखवला. तो म्हणाला, "सीट चांगली आहे."

२८ सप्टेंबर, रविवार

शर्यत. सकाळी नारळ फोडला. इथल्या दगडांवर पहिल्या फटक्यात फुटतो. आयोजकांपैकी एक माणूस धावत आला, त्याला खोबरं दिलं, मग तो आणखी तिघांना घेऊन आला.

पहिला उतार बरा गेला. दुसऱ्याच्या वर पोचून उभा राहिलो. इथे लिहितोच: मी घाबरलो होतो. आपट्याला पांगाऱ्याच्या वळणावर उतरून चालत जायचो तेव्हाही घाबरलेलोच असायचो, चिखलाचं नाव पुढे करायचो. ब्रेक खोटा आहे असं मानलं की आपण खरे राहतो, एवढंच ते होतं. आणि ब्रेक खोटा मानला की सायकलवर भरवसा राहत नाही, म्हणून मी आणखी घाबरायचो. आज ब्रेकवर पूर्ण भरवसा होता. माझ्यावर थोडा कमी, पण तेवढ्यावर मला चालवता येतं.

वळण आलं. लाल दांडा दिसला. डावा दाबला, उजव्याला नुसतं बोट लावलं. मागचं चाक घसरलं, धरलं, आणि मी बांधाच्या खाली होतो, सायकलवर बसलेला. एवढ्या जोरात ओरडलो की कडेचा छायाचित्रकार दचकला. त्याचा फोटो हललेला आला असणार.

निकाल: माज एकतिसावा. प्रांजल बायकांमध्ये सहावी. मी सत्याऐंशीवा. पहिल्या पन्नासात आलो नाही हे खरं, पण पन्नासावा आणि मी यांच्या मधे छत्तीसच लोक होते, आणि त्यांतले निम्मे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पुढच्या वर्षी बघतो त्यांच्याकडे.

रात्रीच्या जेवणाला भात आणि जवळ्याची चटणी. माजने माझ्या ताटात न विचारता चटणी वाढली. नऊ महिन्यांत तो माझ्याशी असा वागला नव्हता, आणि ते माझ्या आज लक्षात आलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

घरी. दसरा. आईने गाळ्यावरच्या वजनकाट्याची पूजा केली, गाडीची केली आणि सायकलच्या हँडलला झेंडूची माळ बांधली. निकाल ऐकून म्हणाली, "सत्याऐंशी? मंग तुझी बस सुटलीच की." मग माजचं सगळं सांगितलं. तिने उरलेली झेंडूची फुलं गोळा केली. नंतर म्हणाली, "त्याच्या अम्मीला मी काय तोंड दाखवू? तू आधी जा. मंग मी जाते."

४ ऑक्टोबर, शनिवार

पाच वाजता पोचलो. सायकल झेंडूच्या माळेसकट. दुकानात दुसरी एकही सायकल नव्हती, पंक्चरचीसुद्धा नाही. माज स्टुलावर बसून चिमट्याने बोटातलं काहीतरी काढत होता. अब्दुलचाचा आत होते, पेपर वर धरलेला.

मी म्हटलं, "माज, दोन्ही ब्रेक बघायचेत."

त्याने सायकलकडे बघितलं, माळेकडे, लाल दांड्याकडे. मग भिंतीकडे बोट केलं. "ठेव तिकडे. नंबर आला की बघतो."

मी रिकाम्या भिंतीला सायकल टेकवली आणि बाकड्यावर बसलो. सव्वापाच. साडेपाच. प्रांजल क्लिनिक बंद करून आली, माझ्या शेजारी बसली, तिने तिघांसाठी चहा सांगितला. मी तिला म्हटलं, अंगठे चारच आले होते, पण आज माणसं येतील, बघ. ती म्हणाली, बघू. सहा वाजता मी रस्त्यावर जाऊन दोन्ही बाजूंना बघून आलो. माजने स्टुलावरून उठून दुकानाचा पुढचा भाग झाडला, पाणी मारलं, परत बसला. मी निघून जाईन अशी त्याची अपेक्षा होती का, माहीत नाही. मी दुकान बंद होईपर्यंत बसणार होतो, आणि उद्या गाळा बंद ठेवून एकेकाच्या घरी जाणार होतो. दोनशे घरं आहेत. कामोठ्यापासून सुरुवात करायची असं ठरवलं.

पावणेसातला नाक्याच्या बाजूने आवाज आला. डुकराला धरल्यासारखा. अख्ख्या रस्त्याने वळून बघितलं. काशीरामकाका, हेल्मेट तिरपं, दोन्ही पाय खाली टेकवत दुकानासमोर थांबले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"माज, बघ रे बाबा हा ब्रेक. माझं चुकलं."

माज उठला. काकांच्या सायकलचं मागचं चाक उचलून एकदा फिरवलं, कान लावला, ब्रेक दाबला, परत फिरवलं. मग सायकल स्टँडवर चढवली आणि हत्यारांची पेटी ओढली.

"अरे, प्रितेश आधी आलाय ना," काका म्हणाले.

"त्याचं नंतर," माज म्हणाला. "तुमचा नंबर डिसेंबरपासून लागलेला आहे."

आतून अब्दुलचाचा बाहेर आले, हातात डबा. आधी काकांसमोर धरला, मग प्रांजलसमोर. माझ्यासमोर आले तेव्हा थोडे थांबले, मग धरला. मी एक नानकटाई घेतली. माझा नंबर दुसरा होता.